भीमथडीचे तट्टू आणि आपण बागायतदार



ऊस विकास विभागाचे पान म्हटल्यावर लागण, बेणे, खताची मात्रा असेच काही वाचायला मिळणार, ही तुमची अपेक्षा. बेणेमळ्याची माहिती आतल्या पानावर दिली आहे, ती जरूर वाचावी. मी आज लिहिणार आहे ते घोड्याबद्दल. ऊस विकास अधिकाऱ्याचा आणि घोड्याचा काय संबंध, असे दोन-चार जण तरी म्हणतील. संबंध आपल्या रानातूनच येतो, म्हणून या पानावर लिहायचे धाडस करतो.

खोडवा निघाला, रान मोकळे झाले की आपल्यापैकी बरेच जण मेंढरं बसवतात. रात्रीचा दर ठरतो, कुठे रोख, कुठे धान्य. लेंडीखताची आणि मुताची ताकद काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकाआधी ते तुमच्या आजोबांना ठाऊक होते. वाडा रानात उतरतो तेव्हा आपण मेंढ्या मोजतो, वाघर कुठे लावायची ते दाखवतो, विहिरीवरून पाणी देतो. पण त्या वाड्याबरोबर चार-सहा घोड्या येतात, त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. पाठीवर सगळे बिऱ्हाड: भांडी, वाकळा, पिठाचे पोते, वाघर, नुकतीच व्यालेल्या मेंढीची कोकरं, खुराड्यातल्या कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेले तीन-चार वर्षांचे पोर. आपण म्हणतो, ‘धनगराची तट्टं आली.’ तेवढ्यावर विषय संपतो.

ही जी धनगराची तट्टं आपण म्हणतो, तीच भीमथडीची तट्टं. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांचे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून आपले राज्यगीत झाले. शाळेत पोरं रोज ते म्हणतात, आपल्या सभेतही म्हटले जाते. त्यात भीमथडीच्या तट्टांचे नाव येते. आपण उभे राहून, छाती काढून म्हणतो. आणि तेच तट्टू बांधाला आले तर ‘हाकल रे ते, उसात शिरेल’ म्हणून ओरडतो.

भीमथडी म्हणजे भीमेची थडी, भीमेचा काठ. पूर्वी तालुक्यालाही हे नाव होते. भीमा, नीरा, कऱ्हा, घोड या नद्यांच्या काठी हरळी, कुंदा, पवना असे गवत होते, खडकाळ माळ होते, आणि त्या माळावर वाढलेले हे जनावर. खांद्यापाशी चार-सव्वाचार फुटांचे. आखूड पाठ, मजबूत पाय, कठीण खूर. दोनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या इंग्रज लेखकांनी भीमेकाठच्या घोड्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे: मध्यम बांध्याचा, ताकदवान, अंगाने गडद तांबडा, पायाने काळा. वाड्यावर गेलात तर अशी घोडी तुम्हाला आजही दिसेल. पांढरी, काळी, ठिपक्याची, पंचकल्याणीही दिसतील, पण काळ्या पायाची तांबडी घोडी दिसली की समजावे, ही जुनी ओळख.

मराठ्यांचे घोडदळ १७५८ साली अटकेपर्यंत गेले, ते अशा जनावरांच्या जोरावर. त्या फौजेत दोन प्रकारचे स्वार. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा घरून घेऊन येई. म्हणजे शिलेदाराचा घोडा शेतकऱ्याच्याच गोठ्यात, त्याच्याच गंजीतला कडबा खाऊन तयार व्हायचा. ही गोष्ट आपण विसरतो. घोडा म्हटले की आपल्याला राजवाडा आठवतो. हे जनावर घरच्या शेतावरचे होते. सरकारी पागाही होत्या. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा हे गाव आजही त्याच नावाने आहे. पण पागेला माल पुरवायचा तो गावागावांतल्या घरच्या घोडीने.

१८१८ ला पेशवाई बुडाली आणि या घोड्याला गिऱ्हाईक उरले नाही. इंग्रजी फौजेला उंच घोडा पाहिजे. तो अरबस्तानातून आणि पुढे ऑस्ट्रेलियातून जहाजाने आला. शिलेदाराने तलवार टाकली, नांगर धरला. नांगराला बैल. मग तट्टू टांग्याला लागले, बाजारच्या ओझ्याला लागले, पाटील-कुलकर्ण्यांच्या बसायला राहिले. एस. टी. आली, सायकल आली, फटफटी आली. एकेक काम सुटत गेले. फक्त एका माणसाचे काम सुटले नाही. तो म्हणजे मेंढपाळ. जिथे गाडीरस्ता नाही तिथून त्याला घाट उतरायचा असतो. बाकी सगळ्यांनी सोडले तेव्हा धनगराने हे जनावर धरून ठेवले. जात वाचवायची म्हणून नव्हे, बिऱ्हाड हलवायचे म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात एका वाड्यावरच्या आजींना मी विचारले, घोडी विकायची का? आजी म्हणाल्या, “साहेब, घोडी इकली तर बिऱ्हाड काय तुमच्या डोक्यावर द्यायचं?” मला तर या जातीचा सगळा इतिहास त्या एका वाक्यात आला असे वाटते.

आता या जनावराला सरकारी मान्यताही मिळाली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, आणि २०२४ च्या सुरुवातीला ती जाहीर झाली. याआधी देशात घोड्याच्या सात जाती नोंदलेल्या होत्या. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती आणि झांस्करी. भीमथडी आठवी. आपल्या मातीतल्या जनावराचे नाव कागदावर आले याचा आनंद कोणाला होणार नाही? ज्या मंडळींनी यासाठी गावोगाव फिरून मोजमापे घेतली, पाठपुरावा केला, त्यांचे काम मोठेच आहे.

पण मला यात एक भीती दिसते, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख.

नाव झाले की किंमत येते. किंमत आली की हौशी माणूस येतो. आता हौस वाईट नव्हे. आपल्या कार्यक्षेत्रात उसाच्या पैशावर ज्यांनी घोडा घेतला असे पुष्कळ सभासद मला माहीत आहेत. अकलूजचा घोडेबाजार, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, तिथून मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे उंच घोडे आणतात. दारात बांधतात, जत्रेत नाचवतात, वरातीला देतात. उंची किती, कान किती वळले, अंगावर चकाकी किती, यावर भाव. हाच डोळा घेऊन हा माणूस भीमथडीकडे येईल तेव्हा त्याला ते बुटके वाटेल. मग तो काय करील? मारवाडी वळूखाली भीमथडी घोडी देईल. शिंगरू दोन-चार इंच उंच निघेल, दिसायला सुरेख निघेल, आणि ‘भीमथडी’ म्हणून दुप्पट भावाने विकले जाईल. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नाव राहील आणि जनावर जाईल. कारण उंच पायाचे, पातळ कातडीचे ते शिंगरू माळावरच्या वाळल्या काडीवर जगणार नाही, रात्रभर पावसात उभे राहणार नाही, आणि शंभर किलो ओझे घेऊन घाट उतरणार नाही.

उसाच्या भाषेत सांगतो. कोईमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे जो पहिला गाजलेला संकरित ऊस निघाला, को २०५, त्यात एक बाजू गोड उसाची होती आणि दुसरी बाजू कांसाची. होय, आपण बांधावर पेटवून देतो त्या जंगली गवताची. गोडीला उसाने गोडी दिली, आणि दणकटपणा त्या गवताने दिला. आज तुम्ही लावता तो को ८६०३२ घ्या नाहीतर २६५ घ्या, त्यांच्या रक्तातही कुठेतरी ते गवत आहे. म्हणून तर शास्त्रज्ञ जगभरचे जुने, बारीक, रस नसलेले, कारखान्याने कधी घेतले नसते असे ऊस केरळात कण्णूरला सांभाळून ठेवतात. उद्या नवा रोग आला तर उत्तर त्या बारक्या उसात असेल म्हणून. भीमथडीचे तट्टू म्हणजे आपल्या घोड्यांमधला तो बारका ऊस. त्याला ‘सुधारून’ उंच करणे म्हणजे कण्णूरच्या वाफ्यात ८६०३२ लावण्यासारखे आहे.

फरक एवढाच की ऊस वाफ्यात राहतो. कांडी लावली की तोच ऊस परत उगवतो, शंभर वर्षे लावा. घोड्याचे तसे नाही. घोडी अकरा महिने पोटात वागवते, एक शिंगरू देते, ते तीन वर्षांनी कामाला येते. आणि प्रत्येक शिंगरू नवे असते. जनावर जिवंत ठेवायचे तर त्याची पैदास चालू ठेवावी लागते, आणि पैदास चालू ठेवायची तर कोणाला तरी त्या जनावराची गरज असावी लागते.

गरज संपल्यावर काय होते याचे उदाहरण परक्या मुलखातले देतो. इंग्लंडच्या पूर्व भागात सफोक नावाचा शेतीचा घोडा आहे. तांबडा, जाड, चिकणमातीत नांगर ओढणारा. खास शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी घडवलेला. आज जगात जेवढे सफोक घोडे आहेत त्या सगळ्यांचा नर-वंश १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्यापर्यंत जातो. ट्रॅक्टर आला आणि पंचवीस-तीस वर्षांत गोठे रिकामे झाले. १९६६ साली त्या सबंध जातीत फक्त नऊ शिंगरांची नोंद झाली. नऊ! पुढे काही हट्टी शेतकरी कुटुंबांनी आणि संस्थांनी धरून ठेवला म्हणून तो आज दिसतो, पण अजूनही दुर्मिळच आहे. त्याच देशात एक्समूर नावाचे डोंगराळ माळावरचे तट्टू आहे, आपल्या तट्टाच्याच मापाचे. दुसऱ्या महायुद्धात ते पन्नासाच्या आसपास उरले होते. ते वाचले ते तिथल्या डोंगराकडेच्या शेतकऱ्यांनी आपापले पाच-दहा घोड्यांचे कळप पुन्हा उभे केले म्हणून, आणि माळ मोकळे राहिले म्हणून.

आपल्याच देशातले पाहा. मणिपूरचे पोनी, ज्यावर पोलोचा खेळ जगाने शिकला, ते २००३ च्या गणनेत १,८९८ होते आणि २०१२ ला १,१०१ राहिले. चरायची पाणथळ कुरणे गेली, दुसरे काय. आणि सबंध देशाचा आकडा म्हणाल तर २०१२ साली घोडे-तट्टे सव्वासहा लाखांच्या आसपास होती, २०१९ च्या पशुगणनेत ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. उसाचे क्षेत्र सात वर्षांत निम्मे झाले असते तर आपण काय केले असते?

आता कोणी म्हणेल, साहेब, चार हौशी बागायतदारांनी वीस-वीस घोड्या पाळल्या की झाले, धनगराच्या मागे कशाला लागता? त्याला हिशेबाने उत्तर देतो. एका माणसाने एक चांगला वळू घोडा ठेवला आणि त्याच्याखाली वीस घोड्या ठेवल्या. दिसायला एकवीस जनावरे. पण पुढच्या पिढीला निम्मे रक्त त्या एकाच घोड्याचे. पैदासशास्त्रात याचे साधे गणित आहे: नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले नर-मादीची बेरीज. एक नर आणि वीस माद्या धरल्या तर उत्तर येते चारपेक्षाही कमी. म्हणजे एकवीस जनावरे पाळूनही रक्ताची विविधता चार जनावरांएवढीच. तिथेच पाच नर ठेवले तर उत्तर सोळा येते. तेव्हा एका श्रीमंताच्या तबेल्यातल्या वीस घोड्यांपेक्षा दहा वाड्यांवरच्या, दहा घरांतल्या दोन-दोन घोड्या आणि त्यांच्यातले चार-पाच वेगवेगळे घोडे जातीला जास्त उपयोगाचे. एकच नर फिरवत राहिलात तर दोन-तीन पिढ्यांत बापलेकी-भाऊबहिणीचे संबंध सुरू होतात, शिंगरे कमजोर निघतात, घोड्या गाभ धरत नाहीत.

काठियावाडच्या लोकांची एक गोष्ट मला फार आवडते. तिकडे घोड्यांची घराणी मूळ घोडीच्या नावाने चालतात. अमकी घोडी, तिची लेक, तिची नात, असे वंश सांगतात. बापाचे नाव मागाहून. आपल्या वाड्यांवरही म्हाताऱ्या माणसांना घोडीचा वंश तोंडपाठ असतो. ही कोणाच्या घोडीची, तिची आई कुठून आली, हे विचारले तर सांगतात. ते कुठे लिहिलेले नाही. तो म्हातारा गेला की ते गेले. आणि आता तर पुढची पिढी वाड्यावर यायला तयार नाही. तिच्यावर मी दोष ठेवत नाही. कोणत्या आईला आपले पोर शाळेत जावे असे वाटत नाही? ज्यांना जमते ते पिकअप घेतात, बिऱ्हाड त्यात टाकतात. मेंढरं चालत येतात, सामान टेंपोतून येते. मग घोडी कशाला? रात्री हमरस्त्यावर घोडी ट्रकखाली गेली, वाड्यावरून चोरीला गेली, असे दर हंगामाला ऐकतो. एकदा गेली की त्या जागी दुसरी घेतली जात नाही.

सरकारची योजना नाही असे नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने दुरुस्ती केली आणि घोडा, गाढव, खेचर, उंट यांच्या पालनासाठी उद्योजकाला ५० टक्के भांडवली अनुदान, ५० लाख रुपयांपर्यंत, देण्याचे ठरवले. घोड्याचे वीर्यकेंद्र आणि पैदास केंद्र यासाठीही १० कोटींपर्यंत तरतूद आहे. योजना चांगली. पण अर्जाबरोबर काय लागते? जागा लागते, बँकेचा व्यवहार लागतो, प्रकल्प अहवाल लागतो. ज्याचा वर्षातला निम्मा काळ रस्त्यावर जातो, ज्याच्या नावावर दोन एकर जिरायत आहे आणि तीही चार भावांत, त्याने प्रकल्प अहवाल कोणाकडून करून घ्यायचा? हे अनुदान घेणारा माणूस बागायतदारच असणार, म्हणजे तुम्हीच. म्हणून ही गोष्ट तुमच्या कानावर घालतो आहे. घ्यायचे तर घ्या, पण धनगराला बाजूला सारून नव्हे.

माझी सूचना अगदी जुन्या पद्धतीची आहे. आपल्याकडे शेळी, कालवड अर्धलीने द्यायची रीत आहे. एकाचे जनावर, दुसऱ्याची जोपासना, होणारे वाटून. तेच घोडीला लावा. वाड्यावरची गाभण घोडी शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ओझ्याखाली चालवणे म्हाताऱ्यांनाही नको असते, पण सोडायची कुठे? ती सभासदाच्या गोठ्यात राहावी. तिथे विऊ द्यावी. शिंगरू सुटेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, सांभाळावे. पहिले शिंगरू वाड्याला, दुसरे तुमच्या घरात, किंवा जे ठरेल ते. तुमच्या दारात अस्सल भीमथडी येते, त्याच्या मागे सांगता येणारा वंश येतो. वाड्याची घोडी टिकते आणि तिला वर्षातले काही महिने आसरा मिळतो. बाजारात जाऊन दलालाच्या तोंडावर विश्वास ठेवून घेतलेल्या जनावरापेक्षा हे शंभरपट बरे. शिवाय ज्या वाड्याची घोडी तुमच्याकडे आहे तो वाडा मेंढरं बसवायला आधी तुमच्या रानात येणार. आता हा स्वार्थ म्हणा, पण स्वार्थाशिवाय मी सभासदांना कधी काही करताना पाहिले नाही, आणि त्यात गैर काहीच नाही.

खर्चाचे म्हणाल तर भिण्यासारखे नाही. दोनशे-अडीचशे किलोच्या तट्टाला दिवसाला कोरडे वजन धरून चार-पाच किलो वैरण पुरते. तुमच्या संकरित गाईच्या निम्म्यानेही नाही. ज्वारीचा कडबा, बांधावरचे गवत, विणीच्या आधी-नंतर थोडा भरडा. इथे माझ्या खात्याची एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. हंगामात वाढे फुकट मिळतात म्हणून घोडीला नुसती वाढी घालू नका. वाढ्यात ऑक्झालेट असते, ते अंगातला चुना बांधून ठेवते. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटातले जंतू बरेचसे निभावून नेतात. घोडा रवंथ करत नाही, त्याला ते जमत नाही. महिनोन्‌महिने वाढी किंवा हत्ती गवतच खाल्ले तर हाडे ठिसूळ होतात, तोंडाची हाडे सुजतात, घोडी लंगडते. आणि तुम्ही नालबंदाला दोष देत बसता. वाढी घालायचीच तर थोडी, बाकी कोरडा चारा, वर क्षारमिश्रण. बुरशी आलेला चारा गाईने निभावला तरी घोडा निभावत नाही, पोटशूळ उठतो आणि एका रात्रीत जनावर जाते. धनुर्वाताची लस चुकवू नका, खुराला खिळा लागला तर वाट पाहू नका.

आणि बांधू नका. हे जनावर चालण्यासाठी घडलेले आहे. दारात साखळीने बांधून, खुराक चारून लठ्ठ केलेले भीमथडी मी पाहिले आहे, बघवत नाही. ओझे वाहू द्या, पोरांना बसू द्या, ठिबकचे पाईप आणि खताची पोती रानात न्यायला वापरा. आडसालीच्या उभ्या उसात, पावसाळ्याच्या चिखलात ट्रॅक्टर जात नाही तिथे तट्टू जाते, आणि तुमची सरी मोडत नाही. काम केलेल्या जनावराचाच गुण कळतो. कोणती घोडी ठेवायची आणि कोणती नाही हे वाड्यावर उंची बघून ठरत नाही; घाट चढताना कोण बसली, पुरात कोण पुढे गेली, यावर ठरते. ही निवड दोनशे वर्षे चालली म्हणून ती जात आहे. खिलारचेच पाहा. शर्यतीवर २०१४ ला बंदी आली तेव्हा खोंडाला कोणी विचारीना. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा शर्यतीचा कायदा कायम ठेवला आणि खिलार खोंडाला पुन्हा भाव आला. चांगले झाले. पण आता निवड होते ती मिनिटभर पळणाऱ्याची. नांगरावर दिवस काढणारा बैल त्या निवडीत कुठे राहिला? तट्टाचे तसे होऊ नये.

आता थोडे कटू. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रातल्या काही गावांनी मेंढरांना शिवारात येऊ द्यायचे नाही असे ठरवले आहे. उसाच्या फुटव्याचे नुकसान होते, ही तक्रार खोटी नाही. नुकसान मी स्वतः पंचनाम्यात पाहिले आहे. पण गायरानात आपण ऊस केला, ओढ्याच्या काठापर्यंत बांध सरकवले, पाणंद नांगरली. मग मेंढरू चालणार कुठून? पूर्वी वाट होती, आता वाटेवर ऊस आहे, आणि ‘उसात मेंढरू शिरले’ म्हणून भांडण आपणच काढतो. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते तेव्हा आपण हात जोडून उभे राहतो. मग पालखी पुढे गेल्यावर त्याच मेंढ्यांची वाट आपण अडवायची? हंगामाआधी गावाने आणि वाड्याच्या कारभाऱ्याने बसून वाट आणि तारखा ठरवल्या तर निम्मी भांडणे होणारच नाहीत. जिथे सभासदांनी हे केले तिथे मला पंचनाम्याला जावे लागलेले नाही. बंद पाणंद मोकळी झाली तर उसाच्या वाहतुकीलाही तीच उपयोगी पडते, हे वेगळे सांगायला नको.

पाचट जाळू नका हे मी दर अंकात सांगतो, आज सांगत नाही. पण एवढे सांगतो की ज्या रानात मेंढरं बसायची आहेत तिथले पाचट पेटवले आणि आग बांधाला बांधलेल्या घोडीपर्यंत गेली, असे एकदा घडलेले आहे. घोडी वाचली, शिंगरू गेले.

शेतकी खात्याच्या प्रत्येक गट ऑफिसात या महिन्यापासून एक वही ठेवली आहे. ती सरकारी नाही आणि कारखान्याच्या कोणत्या योजनेचीही नाही. ज्या सभासदाच्या घरी भीमथडी घोडी किंवा घोडा आहे, किंवा ज्याच्या रानात बसलेल्या वाड्यावर आहे, त्याने चिटबॉयकडे निरोप द्यावा. वहीत पाच गोष्टी लिहायच्या: रंग आणि खुणा, अंदाजे वय, आई कोणाची, बाप माहीत असल्यास कोणता, आणि या वर्षी शिंगरू झाले का. वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावे आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवावे, कारण बहुतेक वेळा एखादे नाव ते दुरुस्त करतात. कोणाला अर्धलीने घोडी सांभाळायची असेल त्याने तसे त्याच वहीत नोंदवावे. वाडे जूनमध्ये परत फिरतील, त्याआधी ही नावे हाती आली तर कारभाऱ्यांशी बोलणे सोपे जाईल.